नर्सिंग होममधला पहिला हिवाळा: सोलापुरात नव्यानं ड्युटीला लागलेल्या सिस्टरसाठी

सोलापुरात थंडीची तयारी कुणी करत नाही. इथली सगळी बांधाबांध उन्हाळ्यासाठी असते: कूलर, माठ, गच्चीवर हिरवी जाळी. जानेवारीतही दुपारचं ऊन ३० अंशांच्या घरात, मग जादा पांघरुणं, गरम पाणी, हीटरसाठी वेगळा पॉइंट याचा विचार कोण करणार? पण पहाटे पारा १५-१६ वर येतो, एखाद्या लाटेत १० च्या जवळ जातो, आणि मग ज्याला जे सुचेल ते तो करतो. नातेवाईक शेगडी आणतात, वॉचमन जिन्याखाली शेकोटी पेटवतो, मावशी बादलीत पाणी तापवायची कांडी टाकून दुसऱ्या कामाला जाते, आणि आपण ड्युटी रूमचं दार-खिडकी गच्च लावून एक्स्टेन्शनवर हीटर चालवतो. इथल्या थंडीनं सिस्टरला फारसं काही होत नाही. ती घालवायच्या उपायांनी होतं. म्हणून नजर ठेवायची ती या उपायांवर.

तुम्ही नर्सिंगचा जीएनएम किंवा एएनएम कोर्स करून होटगी रोड, सात रस्ता, जुळे सोलापूर अशा कुठल्यातरी भागातल्या १०-३० खाटांच्या नर्सिंग होमला लागला आहात, असं धरून लिहिते आहे. रात्रीला एक किंवा दोन सिस्टर, एक मावशी, गेटवर एक मामा आणि वरच्या मजल्यावर झोपलेले आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर. मोठ्या हॉस्पिटलात सेफ्टी बघायला वेगळा माणूस नेमलेला असतो. इथे रात्री दहानंतर तो माणूस म्हणजे तुम्हीच.

रुजू होण्याआधी

हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण झाली आहे का ते कागदावर बघा, आठवणीवर जाऊ नका. पहिला डोस, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी करून तो रिपोर्ट फाइलला लावून ठेवा. सुई टोचली की पहिला प्रश्न त्याबद्दलच येतो. दुसरी लस फ्लूची, दरवर्षी. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा जोर धरतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारी ते मार्चमध्ये. लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून नोव्हेंबरमध्येच घेऊन टाका. ‘मॅडम, स्टाफला फ्लूची लस देता का?’ हे विचारायला लाजू नका. काही ठिकाणी नुसतं विचारल्यावर मिळते.

कपड्यांचं गणित सोपं आहे: ऊब आतून, हात मोकळे. युनिफॉर्मच्या आत थर्मल आणि वर बिनबाह्यांचा स्वेटर. पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला की बाहीची कड या खाटेवरून त्या खाटेवर फिरते, आणि स्वेटर कुणी रोज धूत नाही. स्टोल किंवा शाल ड्युटीवर नकोच. आयव्हीच्या नळीत अडकते, भ्रमात असलेला पेशंट ती धरून ओढतो, आणि हीटरजवळ वाकलात तर टोक आधी पेटतं. सॉक्सवर चप्पल घालायची सवय इथे सगळ्यांनाच आहे. ओल्या फरशीवर ती जोडी हमखास घसरते. तळाला पकड असलेले बंद बूट घ्या.

संक्रांतीला हातभर बांगड्या भरल्या जातात. काचेची बांगडी ग्लोव्ह फाडते, फुटली तर पेशंटला आणि आपल्याला लागते, आणि तिच्याखालचा हात कधी नीट धुतला जात नाही. सासूबाईंना हे पटवणं सोपं नसतं, माहीत आहे. ड्युटीपुरत्या काढून पर्समध्ये ठेवा, घरी जाताना घाला.

ड्युटीवर आल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

हँडओव्हर घेताना आपण पेशंटचं सगळं विचारतो आणि इमारतीचं काहीच विचारत नाही. हिवाळ्यात इमारतीचंही विचारा. चॅनेल गेटची किल्ली कुणाकडे आहे? थंडीत मामा दहा-साडेदहाला गेट ओढून कुलूप लावतात, चादर डोक्यावरून घेतात आणि किल्ली उशाखाली जाते. रात्री आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता त्या उशाखाली असतो. दुसरी किल्ली नर्सिंग स्टेशनवर, डोळ्यांसमोर, खिळ्याला टांगलेली हवी. मागच्या जिन्याचं दार उघडून बघा. तिथे जुन्या गाद्या, सलाइनचे खोके, मोडकी व्हीलचेअर रचलेली असेल तर सकाळी मॅडमना सांगा, आणि त्याआधी निदान एक माणूस जाईल एवढी वाट करून घ्या.

आग विझवायच्या सिलिंडरवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, त्याच्यावर लावलेलं तारखेचं लेबल वाचा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार अशी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र मालकाला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. म्हणजे जानेवारीत ही गोष्ट काढलीत तर कुणी ‘आत्ताच काय?’ असं म्हणू शकत नाही.

शेवटी ऑक्सिजन. सिलिंडर साखळीनं बांधलेला आहे ना, किल्लीचा पाना सिलिंडरलाच लटकवलेला आहे ना, आणि जादा सिलिंडर कुठे आहे. दम्याचे, फुप्फुसाच्या जुन्या आजाराचे पेशंट थंडीत वाढतात, त्यामुळे पहाटे सिलिंडर बदलायची वेळ येतेच. रात्री मोठा सिलिंडर एकटीनं तिरका करून गोल फिरवत नेऊ नका. पायावर पडला तर बोटं राहत नाहीत. मामांना उठवा, ट्रॉली घ्या.

शेगडी

प्रसूतीच्या नर्सिंग होममध्ये हिवाळ्यातला सगळ्यात अवघड सामना डॉक्टरांशी नसतो, आजींशी असतो. ‘सिस्टर, बाळंतिणीला लई थंडी वाजायलीय ओ,’ म्हणत त्या येतात, तेव्हा शेगडी आधीच आत पोचलेली असते. खाटेखाली घमेलं, त्यात राख झाकलेले निखारे, वर ओवा आणि बाळंतशोपा, आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खाटेवरून चहूबाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेली चादर. खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं. धूर नाही, ज्वाळा नाही, खोलीत ओव्याचा छान वास. म्हणून तर कुणाला धोका दिसत नाही.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो, आणि मग रक्तात ऑक्सिजन वाहायला जागा उरत नाही. नव्या सिस्टर इथे एका गोष्टीला हमखास फसतात: बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर हा फरक ओळखत नाही. पेशंट गुंगीत चाललेली असते आणि मशीन ९८ दाखवत असतं. त्यामुळे बंद खोली, शेगडी आणि डोकेदुखी हे तिन्ही एकत्र दिसले तर मशीनवर विश्वास ठेवू नका. खोलीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं सुरू झालं असेल तर उशिरा जेवल्याचं, जागरणाचं कारण शोधत बसू नका. असं करा:

१. श्वास रोखून आत जा, दार-खिडकी सताड उघडा आणि आधी माणसं बाहेर काढा. शेगडी नंतर.
२. बाळ कुणाच्यातरी हातात देऊन थेट मोकळ्या हवेत पाठवा.
३. आरएमओंना हाक मारा, मास्कनं भरपूर ऑक्सिजन सुरू करा. मात्र शेगडीच्या खोलीत नाही; निखाऱ्याजवळ ऑक्सिजन सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण.
४. स्वतःला गरगरायला लागलं तर तुम्हीही पेशंट आहात. बाहेर बसा, सांगा.

पण ही वेळ येऊच नये यासाठी आजींशी बोलावं लागतं, आणि ‘नियमात बसत नाही’ म्हणून काम होत नाही. आजींनी आपल्या चार बाळंतपणांत शेक घेतलेला असतो, तुमच्या नियमाचं त्यांना काय? त्यांना पर्याय द्या. आईच्या अंगावर कोरडी चादर, पायात सॉक्स, कानाला रुमाल. बाळाला टोपी, मोजे आणि आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून वरून दोघांना मिळून पांघरूण. बाळाचं तापमान मोजून दाखवा: ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये असलं की बाळ उबदार आहे. पहिल्या दिवशी बाळाला अंघोळ नको, हेही त्याच वेळी सांगून टाका. थर्मामीटरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की बऱ्याच आजी निवळतात. आणि त्यांच्या भाषेत बोला. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या आजी असतील तर तेलुगूत ‘निप्पु वद्दु अम्मा’, अक्कलकोटकडच्या असतील तर कानडीत ‘बेंकी ब्याड्री’; दोन्हीचा अर्थ एकच, विस्तव नको. एवढं बोललं तरी चेहरा बदलतो, आणि निम्मं भांडण तिथेच मिटतं.

वॉचमनमामांच्या शेकोटीला बंदी घालू नका, जागा ठरवून द्या. रात्रभर उघड्यावर बसणाऱ्या माणसाला ऊब लागणारच. पण ती जागा जिन्याखाली नको, कारण तिथे इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या असतात आणि चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो. ऑक्सिजनच्या खोलीशेजारी नको, पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगेत नको, वॉर्डाच्या खिडकीखालीही नको. गेटबाहेर, मोकळ्यावर, शेजारी पाण्याची एक बादली. आणि टायर, प्लास्टिक, सलाइनच्या बाटल्या त्यात जाणार नाहीत हे बघा. तो बायोमेडिकल कचरा आहे, सरपण नव्हे.

हीटर, कांडी आणि गरम पाण्याची पिशवी

२००० वॅटचा रूम हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. भिंतीवरचा साधा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. एवढी एक वजाबाकी केली की ड्युटी रूममधला एक्स्टेन्शन बोर्ड का गरम होतो ते कळतं. हीटर १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच, थेट लावायचा. त्या वायरवर गादी नको, आणि हीटरपासून एक मीटरच्या आत पडदा, चादर, कापूस, स्पिरिटची बाटली नको. हँडरब हातावर चोळलात की तो पूर्ण वाळल्याशिवाय हीटरजवळ जाऊ नका. त्यात अल्कोहोल असतं. झोपायला जाताना हीटर बंद. ‘जरा वेळ राहू दे’ असं म्हणणाऱ्या सीनियर भेटतील. त्या झोपल्यावर उठून बंद करा.

कांडीचा नियम एकच: बटण बंद, प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. बादली प्लास्टिकची हवी, पण कांडी तिच्या तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. मावशी कामाच्या गडबडीत बोट बुडवून पाणी ‘बघतात’. त्यांना रागावून उपयोग नाही. बटणाशेजारी लाल चिकटपट्टी लावा, रोज एकदा आठवण करा.

गरम पाण्याच्या पिशवीनं भाजल्याचा दोष शेवटी सिस्टरवरच येतो, म्हणून ती पिशवी स्वतःच्या ताब्यात ठेवा. सिझेरियननंतर बाई थंडीनं थरथरत असते, पण कमरेखाली भूल असल्यामुळे पायाला काही तास काहीच कळत नाही. नातेवाईक प्रेमानं पिशवी पावलांवर ठेवतात आणि सकाळी तिथे फोड दिसतात. जुन्या मधुमेहींच्या पायांचं तेच, लकवा झालेल्या बाजूचं तेच, नवजात बाळाचं तर विचारूच नका. या चौघांना पिशवी नाही म्हणजे नाही. बाकीच्यांनाही उकळतं पाणी नको, पिशवी दोन-तृतीयांश भरा, हवा काढून टाका, बूच उलटं करून तपासा आणि टॉवेलात गुंडाळूनच द्या. दिली की नोट्समध्ये वेळ लिहा.

पांघरुणाच्या बाबतीत सोलापूरकरांनी फार शोधायला नको. ऑक्सिजन लावलेल्या पेशंटवर अॅक्रिलिकचं झुळझुळीत ब्लँकेट टाकू नका. कोरड्या हवेत ते ओढताना चटचट ठिणग्या उडतात, अंधारात दिसतातसुद्धा. सुती सोलापुरी चादर तसं करत नाही. दोन चादरी एकावर एक टाका, ऊब तेवढीच मिळते.

हात

आपल्याकडची थंडी कोरडी, आणि आपण दिवसातून कितीदा हात धुतो याची मोजदाद नाही. डिसेंबरच्या मध्यापर्यंत बोटांच्या पेरांवर भेगा पडतात, त्यातून रक्त येतं. भेगाळलेला हात दोन बाजूंनी घातक: जंतू आत शिरायला वाट मिळते, आणि हँडरब झोंबतो म्हणून आपण तो टाळायला लागतो.

हात दिसायला घाण झाले असतील तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. नसतील तर हँडरब, २० ते ३० सेकंद. भेगा नसलेल्या हाताला हँडरब साबणापेक्षा कमी कोरडं करतो, कारण बहुतेक हँडरबमध्ये ग्लिसरीन असतं. म्हणून भेगा पडायच्या आधीच हँडरबची सवय लावा. पाणी कोमट घ्या; कडक गरम पाण्यानं बरं वाटतं पण कातडी आणखी सोलवटते. हात घासून पुसू नका, टिपून घ्या. ओल्या हातावर ग्लोव्ह चढवू नका.

आता तेलाबद्दल. घरी झोपताना हाताला व्हॅसलिन लावा, खोबरेल लावा, वर सुती मोजे चढवा, सगळं चांगलं आहे. ड्युटीवर मात्र यातलं काही नको. पेट्रोलियम जेली आणि तेलामुळे लेटेक्सचा ग्लोव्ह कमकुवत होतो आणि तो कुठे फाटला ते कळत नाही. ड्युटीवर पाण्यात मिसळणारं साधं लोशन चालतं. दुसरं कारण त्याहून मोठं: दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल किंवा ग्रीस लागलं की पेट घ्यायला ठिणगीचीही गरज लागत नाही. तेलकट हातानं रेग्युलेटर बसवायचा नाही, घट्ट बसत नाही म्हणून आट्यांना तेल लावायचं नाही, आणि व्हॉल्व्ह नेहमी हळू, तोंड बाजूला ठेवून उघडायचा.

भेगेतून रक्त येत असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावून मग ग्लोव्ह. पुरळ आलं, खाज सुटली तर ग्लोव्ह किंवा साबण बदलून मागा. ‘सगळ्यांनाच होतं’ हे उत्तर नाही.

सुई

थंडीत शिरा आकसतात. पहाटे चारला म्हाताऱ्या पेशंटची शीर सापडत नाही, तीन-तीनदा टोचावं लागतं, आणि जितक्या वेळा सुई हातात तितकी आपल्याला टोचायची शक्यता. आधी पाच मिनिटं खर्च करा. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल पेशंटच्या हातावर गुंडाळा, त्याआधी तो स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. हात खाटेखाली लोंबू द्या. शीर वर येते. दिवा लावा, बाकीचे पेशंट जागे होतील म्हणून मोबाइलच्या उजेडात सुई घालू नका. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या डब्यात जाते. डबा तीन-चतुर्थांश भरला की बदला.

टोचलीच तर दाबून रक्त काढत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, आरएमओंना लगेच सांगा, पेशंटची माहिती आणि वेळ लिहून ठेवा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. ही औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. आपल्या शहरात त्यासाठी सिव्हिल गाठायचं. रात्रीचे तीन वाजले असले तरी. ‘सकाळी मॅडम आल्या की बघू’ यात चांगले तास निघून जातात.

बंद खिडक्या

सोलापुरात विडी वळणारे हात हजारोंनी आहेत, यंत्रमागावर आयुष्य काढलेले लोक आहेत, त्यामुळे आपल्याकडे जुनाट खोकल्याचा पेशंट रोजचाच. त्यातला एखादा टीबीचा असतो, आणि ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात म्हणून निभावतं. थंडीत सगळं बंद. समोरासमोरच्या दोन खिडक्या निदान चार बोटं उघड्या ठेवा आणि खाटा झोताच्या रेषेतून बाजूला सरकवा. म्हणजे हवा खेळते आणि पेशंट कुडकुडत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणं, रात्री घाम, असं ऐकलं की त्या पेशंटला सर्जिकल मास्क द्या, आपण एन-९५ लावा, थुंकीचा नमुना बाहेर मोकळ्यावर घ्या. दुपारी तर खिडक्या सताडच उघडा. आपल्याकडचं ऊन फुकट आहे.

स्वतःला ताप-खोकला असेल तर नवजात बाळांच्या खोलीत ड्युटी नको असं स्पष्ट सांगा. आणि पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही, बाथरूमला जायला वेळ नसतो, आणि फेब्रुवारीत निम्मा स्टाफ लघवीच्या जळजळीनं हैराण असतो.

उचलणं, फरशी

आखडलेल्या पाठीनं पहाटे एकदम वजन उचलू नका. चादरीची घडी पेशंटच्या खांद्यापासून मांडीपर्यंत सरकवा, दोघींनी दोन्ही बाजूंनी धरा, गुडघ्यात वाका, ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदम सरकवा. एकटीनं नाही. पहाटे मावशी फरशी पुसतात तेव्हा त्यांना एका वेळी अर्धा पॅसेज पुसायला सांगा, उरलेला अर्धा चालायला कोरडा राहतो.

रात्री गेटवर

खेड्यातून येणारे नातेवाईक रात्री वॉर्डातच पथारी टाकतात, कारण बाहेर थंडी असते. त्यांना हाकलण्यापेक्षा रिसेप्शनच्या बाकड्यांची जागा आणि दोन चादरी द्या. एका पेशंटपाशी एकच जण, हा नियम मग पाळता येतो. दारू पिऊन आलेला कुणी अंगावर आला तर एकटीनं वाद घालू नका. टेबल मध्ये ठेवा, दार आपल्या पाठीशी असू द्या, मामांना आणि आरएमओंना हाक मारा, ११२ लावा. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यावर हात उचलणं हा महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लैंगिक त्रास आतल्याच माणसाकडून होत असेल, तर दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

आग लागली तर

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. जानेवारी, मध्यरात्रीनंतरची वेळ, मोजका स्टाफ. आपली नाईट अशीच असते.

ओरडा, सगळ्यांना उठवा, १०१ लावा. आग ठिणगीएवढी असेल आणि पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल तरच सिलिंडर हातात घ्या: पिन ओढा, नळी आगीच्या मुळाशी धरा, दाबा, झाडू मारल्यासारखी डावी-उजवीकडे फिरवा. विजेच्या वस्तूवर पाणी कधीच नाही. खोली सोडताना दार ओढून घ्या, धूर तेवढा वेळ अडतो. त्या भागातल्या पेशंटना हलवलं की तिथला ऑक्सिजन बंद. लिफ्ट नको. चालणारे पेशंट आधी सुटतात, बाळं हातात. न चालणाऱ्याला चादरीसकट जमिनीवर घ्या आणि डोक्याकडची दोन टोकं धरून, वाकून, ओढत न्या. जाड विणीची चादर पेशंटचं वजन घेऊन फाटत नाही. एकदा दिवसा मैत्रिणीला चादरीवर झोपवून पॅसेजभर ओढून बघा. हसाल, पण हात कुठे धरायचा ते कळेल.

घरी जाताना

जानेवारीत सूर्यच सातच्या सुमाराला उगवतो. मोहोळ, बार्शी, मंद्रूप, अक्कलकोटकडून दुचाकीवर ये-जा करत असाल तर गळीत हंगाम संपेपर्यंत सगळ्यात मोठा धोका उसाचा ट्रॅक्टर. मागे दोन-दोन ट्रॉल्या, लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला, आणि ऊस ट्रॉलीच्या मागे हातभर बाहेर आलेला. धुक्यात तो दिसतो तेव्हा ब्रेकला जागा उरलेली नसते. मागे चिकटून चालू नका. पंक्चर झालेल्या ट्रॉलीभोवती दगड मांडतात आणि ट्रॉली गेल्यावर ते दगड रस्त्यातच राहतात. पहाटे त्यांच्यावरही नजर असू द्या. ओढणी, स्टोल जॅकेटच्या आत खोचा. डोळे मिटत असतील तर ड्युटी रूममध्ये वीस मिनिटं पडा, मग निघा. घरी ‘उशीर का?’ विचारतील, विचारू द्या.

संक्रांतीच्या आठवड्यात ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी शहराच्या मधले रस्ते तासन् तास बंद राहतात आणि होम मैदानाच्या बाजूनं जायचं नावच काढायला नको. ड्युटीचा चार्ट डिसेंबरअखेर लागतो, तेव्हाच बघा की अक्षता सोहळ्याच्या आणि शोभेच्या दारूकामाच्या दिवशी तुमची कुठली ड्युटी आहे. लांबून येणाऱ्यांनी त्या दिवसांपुरती जवळ राहणाऱ्या सिस्टरशी अदलाबदल करून घ्यावी आणि ती इन्चार्जकडून रजिस्टरात लिहून घ्यावी. तोंडी नको. त्या रात्री भाजलेले, चेंगरलेले पेशंट येतात, म्हणून बर्न ड्रेसिंगचा ट्रे आणि जादा सलाइन संध्याकाळीच लावून ठेवा, आणि मामांना आधीच सांगून ठेवा की आज गेटची किल्ली खिळ्यालाच राहील.